जर्मनीत निर्वासितांना नोकरी शोधायला मदत करताना: नव्या मदतनीसांसाठी मार्गदर्शक

शेजारी राहणाऱ्या, मुलांच्या शाळेत भेटणाऱ्या किंवा क्रीडामंडळात ओळख झालेल्या एखाद्या निर्वासित व्यक्तीला नोकरी शोधायला मदत करावी असे जर्मनीतील अनेक मराठी कुटुंबांना वाटते, पण सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आपल्यापैकी बहुतेक जण नेमणुकीचे पत्र हाती घेऊन इथे आले. कंपनीने विमा काढून दिला, घर शोधायला माणूस दिला आणि पहिली वर्ष-दोन वर्षे इंग्रजीवर निभावली. सीरिया, अफगाणिस्तान, इरिट्रिया किंवा युक्रेनमधून आलेल्या माणसाचा क्रम उलटा असतो. तो आधी देशात येतो, मग परवाना, मग भाषा, आणि नोकरी सर्वांत शेवटी. त्यामुळे ‘मी कसा स्थिरावलो’ हा आपला अनुभव त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मनाशी पक्के करूनच या कामाला हात घालावा.

माझे एक ठाम मत आधीच मांडतो. मदतनीसाचे खरे काम पहिली नोकरी मिळवून देण्याचे नाही. ती पुष्कळदा गोदामात, स्वयंपाकघरात किंवा सफाईत ओळखीपाळखीने मिळून जाते. खरे काम आहे ते त्या माणसाच्या मूळ व्यवसायाची फाईल पहिल्या महिन्यात उघडण्याचे आणि पहिली नोकरी लागल्यावरही ती बंद पडू न देण्याचे. न्युर्नबर्गच्या आयएबी या रोजगार संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये आलेल्या आश्रयार्थींपैकी ६४ टक्के लोक २०२४ अखेर नोकरीत होते. पुरुषांत हे प्रमाण ७६ टक्के होते, तर स्त्रियांत केवळ ३५ टक्के. म्हणजे काम मिळते, पण ते सर्वांना सारखे मिळत नाही, आणि जे मिळते ते शिक्षणाला साजेसे असतेच असे नाही.

पहिली भेट

शक्य असल्यास एकट्याने सुरुवात करू नये. जवळजवळ प्रत्येक शहरात स्वयंसेवकांना निर्वासितांशी जोडून देणारे प्रकल्प असतात. शहराची स्वयंसेवक संस्था किंवा कारिटास, डियाकोनी, आवो या समाजसेवी संस्था यांच्या कार्यालयात विचारले तर ते सापडतात. तेथे सरकारी वर्तणूक दाखला, म्हणजे फ्युरुंग्सत्सॉयग्निस, मागतात. तो देण्यात कमीपणा वाटू देऊ नये. पहिल्या भेटीत युद्ध, प्रवास, घरी कोण राहिले, यांविषयी आपण होऊन विचारू नये. समोरच्याला सांगायचे असेल तेव्हा तो सांगेल. पैसे उसने देऊ नयेत, मूळ कागदपत्रे आपल्याजवळ ठेवून घेऊ नयेत, आणि कोणत्या दिवशी किती वेळ देता येईल हे स्पष्ट सांगावे. आठवड्याला ठरलेले दोन तास देणारा माणूस, ‘केव्हाही फोन करा’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आधी परवाना वाचावा

नोकरीच्या जाहिराती उघडण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या हातात कोणता कागद आहे ते पाहावे. आश्रयाचा अर्ज अजून निकाली निघाला नसेल तर तो कागद आउफेंटहाल्ट्सगेश्टाटुंग असतो. अर्ज फेटाळला गेला असेल, पण परत पाठवणे तूर्त शक्य नसेल, तर डुल्डुंग असतो. आश्रय मान्य झाला असेल तर वास्तव्य परवान्याचे कार्ड असते. युक्रेनमधून आलेल्यांना वास्तव्य कायद्याच्या कलम २४ खाली परवाना मिळतो आणि त्यांना नोकरीची मुभा सुरुवातीपासून असते. आश्रय मान्य झालेल्यांनाही कोणतीही नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करता येतो. त्यांच्या कार्डासोबतच्या नोंदीत ‘एर्वेर्ब्सटेटिग्काइट एर्लाउब्ट’ असे लिहिलेले असते.

पहिल्या दोन गटांत मात्र गाडी अडते. अर्ज प्रलंबित असताना पहिले तीन महिने काम करता येत नाही, आणि प्रारंभिक निवारा केंद्रात राहणाऱ्यांसाठी ही मुदत साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत लांबते. कायद्याने ‘सुरक्षित’ ठरवलेल्या देशांतून, उदाहरणार्थ सर्बिया, अल्बानिया, घाना किंवा जॉर्जिया येथून आलेल्यांच्या वाटेत याहून कडक अडथळे असतात. मुदत संपल्यावरही प्रत्येक नोकरीसाठी आउसलेंडरबेह्योर्डेची, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयाची, वेगळी परवानगी लागते. त्यासाठी मालकाने पगार, तास आणि कामाचे स्वरूप लिहिलेला एक फॉर्म भरून द्यायचा असतो, तो रोजगार खात्याकडे जातो, आणि अटी इतर कामगारांपेक्षा वाईट नाहीत ना हे तेथे पाहिले जाते. या खात्याकडे सर्व माहिती पोहोचल्यावर दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर त्याची संमती गृहीत धरली जाते. छोट्या उपाहारगृहांच्या आणि कारखान्यांच्या मालकांना ही प्रक्रिया ठाऊक नसते आणि कागदाच्या धास्तीने ते माणसाला परत पाठवतात. मदतनीसाने तो फॉर्म छापून, सोबत नेऊन, मालकासमोर बसून भरून घेतला तर एवढ्यावरच एखादी नोकरी पक्की होते.

येथे एक मर्यादा पाळायलाच हवी. परवाना, अपील, मुदतवाढ अशा बाबींत आपण कायदेशीर सल्ला देऊ नये. जर्मन कायद्यानुसार मोफत सल्लाही पात्र विधिज्ञाच्या देखरेखीखालीच देता येतो, आणि चुकीच्या सल्ल्याची किंमत समोरच्याला मोजावी लागते. प्रौढांसाठी स्थलांतरित सल्ला केंद्रे आणि २७ वर्षांखालील तरुणांसाठी युगेंडमिग्राट्सिओन्सडीन्स्ट ही दोन्ही मोफत आहेत. विद्यापीठांच्या शहरांत विद्यार्थी चालवत असलेली निर्वासित विधी केंद्रेही असतात. सल्ल्यासाठी तेथे न्यावे आणि आपण शेजारी बसावे.

आश्रय मान्य झालेल्यांपैकी पुष्कळांवर राहण्याच्या जागेचे बंधनही असते: तीन वर्षे त्याच राज्यात, कधी त्याच गावात राहायचे. दुसऱ्या राज्यात नोकरी लागत असेल तर आठवड्याला किमान १५ तासांचे, सामाजिक विम्याखालील आणि उदरनिर्वाहापुरते वेतन देणारे काम दाखवून हे बंधन उठवून घेता येते. करार हाती आल्यावर आधी हा अर्ज करावा आणि मगच घर बदलावे.

भाषा, आणि मुलांची सोय

सर्वसाधारण इंटेग्रात्सिओन्सकुर्समध्ये, म्हणजे स्थलांतरितांसाठीच्या सरकारी अभ्यासक्रमात, ६०० तास भाषेचे आणि १०० तास देशाच्या ओळखीचे असतात, आणि बी१, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती भाषा येण्याची पातळी, हे त्याचे उद्दिष्ट असते. त्यापुढे व्यवसायासाठीचे भाषावर्ग असतात. बी१ झाले म्हणजे भाषा झाली असे कोणी समजू नये. शुश्रूषेला सामान्यतः त्यावरची बी२ लागते, डॉक्टरांना वैद्यकीय भाषेची, आणखी वरच्या सी१ पातळीची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. तरीही भाषा पूर्ण होईपर्यंत कामाचा विचारच नको, हेही मला पटत नाही. वर्ग सकाळी असेल तर दुपारी चार तासांचे काम, जेथे जर्मन बोलावेच लागते, हे वर्गाला पूरक ठरते. ज्या कामात सगळे सहकारी आपल्याच भाषेचे आहेत, ते कितीही सोयीचे वाटले तरी भाषेच्या दृष्टीने महाग पडते.

स्त्रियांच्या बाबतीत भाषावर्गाच्याही आधी पाळणाघराची नोंदणी करावी. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क ऑगस्ट २०१३ पासून कायद्याने आहे, पण शहरांत यादी लांब असते आणि अर्ज बहुतेक ठिकाणी ऑनलाइन, जर्मनमध्ये असतो. हा अर्ज भरायला लागणारा अर्धा तास म्हणजे कित्येकदा एका आईचे एक संपूर्ण वर्ष असते. वर दिलेल्या ३५ टक्क्यांच्या आकड्यामागे अनेक कारणे आहेत, पण मुलांना सांभाळणारे कोणी नसणे हे त्यांतले मोठे कारण आहे आणि ते आपल्या हातून सुटण्यासारखे आहे.

अनुभव कागदावर आणणे

लेबेन्सलाउफ, म्हणजे जर्मन पद्धतीचा जीवनवृत्तांत, हा दोन पानांचा तक्ता असतो: डावीकडे महिना आणि वर्ष, उजवीकडे काम, सर्वांत अलीकडचे वर. फोटो लावण्याची रीत अजून आहे, पण २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर मालक तो मागू शकत नाही. हे सारे तासाभरात शिकता येते. अवघड असते ते तक्त्यात काय लिहायचे हे माणसाकडून काढून घेणे.

अलेप्पोहून आलेल्या एका गृहस्थांबरोबर बसलो होतो तेव्हा त्यांच्या वृत्तांतात एकच ओळ होती: शिवणकाम. मग सूत कोण विकत घेई, भाव कोण ठरवी, कारागिरांचा पगार कोण वाटे, असे एकेक विचारत गेलो. प्रत्येक प्रश्नावर ‘मीच’ असे उत्तर येई, आणि त्यात विशेष काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते. मशीन बिघडले की काय करत होता, या प्रश्नावर मात्र त्यांनी टेबलावरचा पेन उचलून, सुई आणि खालचा हुक यांच्यातले अंतर बिघडले की टाका कसा सुटतो आणि ते कसे जुळवायचे, हे हातवारे करून समजावले. त्या संध्याकाळी ‘शिवणकाम’ या एका शब्दाच्या जागी खरेदी, हिशेब, माणसांची देखरेख आणि औद्योगिक शिलाई यंत्रांची दुरुस्ती अशा चार ओळी आल्या. शेवटच्या ओळीमुळे यंत्रचालक हा जर्मनीतला मान्यताप्राप्त व्यवसाय त्यांच्या आवाक्यात आला. तेव्हा ‘तुम्ही काय होता’ असे न विचारता ‘सकाळी दुकान उघडल्यापासून काय काय करत होता’ असे विचारावे.

दोन बारीक गोष्टी. अरबी, दारी किंवा तिग्रिन्या नावांचे रोमन स्पेलिंग कागदागणिक बदलते. एकाच माणसाच्या तीन प्रमाणपत्रांवर मोहम्मद तीन प्रकारे लिहिलेले सापडते. वास्तव्य परवान्यावर जे स्पेलिंग आहे तेच अर्ज, बँक, आरोग्य विमा आणि कर क्रमांक या सर्व ठिकाणी वापरावे, नाहीतर पहिला पगार भलतीकडेच अडकतो. दुसरे म्हणजे प्रवासात आणि छावणीत गेलेली वर्षे लपवू नयेत. ‘२०१४ ते २०१५, निर्वासन’ एवढी सरळ नोंद पुरेशी असते. रिकामी जागा जास्त संशय निर्माण करते.

पदवी आणि प्रमाणपत्रांची मान्यता

परदेशी व्यावसायिक पात्रतेच्या मान्यतेचा केंद्रीय कायदा १ एप्रिल २०१२ पासून लागू आहे, आणि तो निर्वासितांनाही लागू पडतो. पहिला प्रश्न हा की व्यवसाय नियंत्रित आहे की नाही. डॉक्टर, औषधनिर्माता, परिचारिका, शाळेतील शिक्षक, वकील हे व्यवसाय नियंत्रित आहेत. मान्यतेशिवाय ते करताच येत नाहीत. संगणक अभियंता, लेखापाल, विक्रेता यांना मान्यता सक्तीची नाही, पण बॉनच्या त्साब या कार्यालयाकडून पदवीचे मूल्यांकन करून घेतले तर मालकाला भरवसा वाटतो. भारतीय पदव्यांसाठी आपण जी अनाबिन नावाची सूची पाहिली होती, तीच येथेही पाहायची आहे. या बाबतीत मराठी अभियंत्यांचा अनुभव थेट उपयोगी पडतो. हस्तव्यवसायांसाठी स्थानिक हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागीर व्यवसायांचे मंडळ, आणि व्यापारी व औद्योगिक व्यवसायांसाठी न्युर्नबर्गची आयएचके फोजा ही कार्यालये आहेत. कोणाकडे जायचे हे कळत नसेल तर आयक्यू नेटवर्कच्या केंद्रात मोफत सल्ला मिळतो.

कागदच नसतील तर? घर बॉम्बहल्ल्यात गेले, विद्यापीठ बंद पडले, तर प्रमाणपत्र आणायचे कोठून? अशांसाठी कायद्यात कौशल्य चाचणीची तरतूद आहे: सुतार असेल तर त्याने तज्ज्ञासमोर काम करून दाखवायचे, त्याविषयी बोलायचे आणि त्यावर निर्णय होतो. ही तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. तिच्याबद्दल आपण होऊन विचारावे.

एक धोका मात्र कटाक्षाने टाळावा. आश्रय मान्य झालेल्या व्यक्तीला, कागद साक्षांकित करून आणण्यासाठी, तिच्या मूळ देशाच्या दूतावासात जायला सांगू नये. आपल्यासाठी जे नेहमीचे काम आहे ते तिच्या आश्रयावर प्रश्नचिन्ह उभे करू शकते आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांना अडचणीत आणू शकते. एखाद्या कार्यालयाने तशी मागणी केली तर आधी सल्ला केंद्राला विचारावे.

शिक्षकांना सर्वांत जास्त धीर द्यावा लागतो. जर्मन शाळांत शिक्षकाला साधारणपणे दोन विषय लागतात, आणि इतर अनेक देशांत एकाच विषयाचे शिक्षक घडवले जातात. त्यामुळे वीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसालाही पुन्हा विद्यापीठात जावे लागू शकते. तोवर शाळेच्या दुपारच्या वर्गांत सहायक म्हणून काम मिळते का ते पाहावे. ते कमी पगाराचे असते, पण वाट शाळेच्या आतली असते.

लगेच कमवायचे की आधी शिकायचे

आउसबिल्डुंग म्हणजे दोन ते साडेतीन वर्षांचे, पगारासह प्रशिक्षण: आठवड्याचे काही दिवस कारखान्यात किंवा दुकानात, काही दिवस व्यवसाय शाळेत. सत्र बहुधा १ ऑगस्टला किंवा १ सप्टेंबरला सुरू होते आणि चांगल्या जागा आधीच्या शरद ऋतूपासून भरू लागतात, म्हणून मे महिन्यात जागे होऊन उपयोग नाही. वयाची वरची मर्यादा नाही. आपल्याकडे आयटीआयकडे ज्या नजरेने पाहिले जाते ती नजर येथे बाजूला ठेवावी. जर्मनीत प्रशिक्षित वीजतंत्रज्ञ पुढे माइस्टर, म्हणजे प्रमाणित उस्ताद कारागीर, होतो, स्वतःचा धंदा काढतो, इतरांना प्रशिक्षण देतो. डुल्डुंगवर असलेल्यांसाठी तर याचे महत्त्व आणखी आहे, कारण अटी पूर्ण होत असल्यास प्रशिक्षणाची पूर्ण मुदत आणि नंतर त्या व्यवसायात दोन वर्षे राहण्याची हमी त्यातून मिळू शकते.

अडचण पैशांची आहे, आणि ती खरी आहे. १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, म्हणजे पूर्णवेळ मदतनीस कामगाराला महिन्याला सुमारे २,४०० युरो, कर आणि विमा कापण्याआधी. त्याच वर्षी सुरू होणाऱ्या प्रशिक्षणात पहिल्या वर्षीचा किमान भत्ता ७२४ युरो आहे. ज्याला प्रवासाचे कर्ज फेडायचे आहे, घरी आईला पैसे पाठवायचे आहेत, त्याला ‘शिक, पुढे फायदा होईल’ एवढे सांगून भागत नाही. कागदावर दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा. अनेक व्यवसायांत प्रत्यक्ष भत्ता किमानापेक्षा बराच जास्त असतो, आणि पात्र असल्यास प्रशिक्षणार्थींना सरकारी साहाय्यही मिळते. एवढे करूनही त्याने गोदाम निवडले तर त्या निर्णयाचा मान राखावा, आणि संध्याकाळचा भाषावर्ग तेवढा सुटू देऊ नये. लगेच प्रशिक्षण झेपत नसेल तर त्याआधीचा काही महिन्यांचा तयारीचा टप्पा, आइनश्टीग्सक्वालिफित्सीरुंग, हा मधला मार्ग आहे.

मालकापर्यंत पोहोचणे

संकेतस्थळावरून पाठवलेल्या शंभर अर्जांपेक्षा एका आठवड्याचे प्राक्टिकुम, म्हणजे कामाच्या जागी केलेले प्रात्यक्षिक, अधिक काम करते, विशेषतः जेथे हाताचे कसब दिसते तेथे. तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला, मुलांच्या दंतवैद्याला, कोपऱ्यावरच्या बेकरीला विचारायला संकोचू नये. आपल्या ओळखी हीच निर्वासिताकडे नसलेली गोष्ट आहे. संगणक क्षेत्रात शिरायचे असेल तर बर्लिनमध्ये सुरू झालेली रेडी स्कूल स्थलांतरितांना मोफत वर्ग देते. बिनपगारी प्रात्यक्षिक मात्र लांबत चालले आणि त्यात शिकण्याऐवजी नुसते काम करून घेतले जात असेल तर ते थांबवावे.

मुलाखतीची तालीम मोठ्याने करून घ्यावी. ‘मला हे येत नाही, पण शिकेन’ हे वाक्य जर्मनमध्ये स्पष्टपणे म्हणता येणे महत्त्वाचे आहे, कारण नकार देणे असभ्य मानणाऱ्या संस्कृतीतून आलेला माणूस सगळ्यालाच हो म्हणतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यावरचा विश्वास उडतो. तुम्ही सोबत गेलात तर प्रश्नांची उत्तरे तुम्ही देऊ नका. स्वयंपाकघरातील किंवा खाद्यपदार्थांच्या कामासाठी रुजू होण्याआधी आरोग्य खात्याची स्वच्छतेविषयीची माहिती-बैठक करून तिचा दाखला घ्यावा लागतो. नोकरी ठरल्यावर त्याच दिवशी तिची वेळ घ्यावी.

रुजू झाल्यानंतर

करार घरी आणून, शांतपणे वाचूनच सही करावी. तास, तासाचा दर, सुट्या आणि चाचणी कालावधी, जो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असू शकतो, या चार गोष्टी आधी शोधाव्यात. पहिली पगारपत्रके सोबत बसून तपासावीत: आरोग्य, निवृत्ती, बेरोजगारी आणि शुश्रूषा विम्याची कपात दिसत नसेल तर काम नोंदवलेले आहे का, असा प्रश्न विचारावा. जास्तीचे तास रोज वहीत, वेळेसह लिहून ठेवण्याची सवय लावावी, कारण वाद झाला तर हीच वही उपयोगी पडते. वस्तू पोहोचवण्याच्या किंवा बांधकामाच्या कामात ‘तू स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंद कर’ असे कोणी सांगितले तर होकार देण्यापूर्वी फेअर इंटेग्रात्सिओन या मोफत सल्ला केंद्राला विचारावे. कामगार हक्कांसाठीच ते उभारलेले आहे.

आश्रय मान्य झालेल्या व्यक्तीला साधारणपणे पाच वर्षांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि सी१ भाषा व बहुतांशी स्वतःच्या कमाईवर निर्वाह असेल तर तीन वर्षांनंतरच. पगारपत्रके, भाषेची प्रमाणपत्रे, करार हे सर्व एका फाईलमध्ये क्रमाने लावत गेले तर त्या दिवशी धावाधाव होत नाही. मूळ व्यवसायाच्या मान्यतेचा पत्रव्यवहारही त्याच फाईलमध्ये ठेवावा, आणि दर सहा महिन्यांनी एकदा भेटून तो कोठवर आला ते पाहावे, मग नोकरी कितीही व्यवस्थित चालू असो. नोकरी सोडताना लेखी आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे कामाचे प्रशस्तिपत्र, मागून घ्यावे. तो कामगाराचा हक्क आहे आणि पुढचा मालक ते पाहतो. त्यातली भाषा ठरावीक साच्याची असते: ‘आमच्या पूर्ण समाधानास’ याच्या आधी ‘नेहमी’ हा शब्द नसेल तर शेरा एक पायरी खाली येतो. म्हणून स्वीकारण्यापूर्वी ते एखाद्या जर्मन सहकाऱ्याकडून वाचून घ्यावे, आणि शेरा अन्यायाचा वाटला तर दुरुस्तीची मागणी लेखी करावी.